फळीवरचं निळं कापड

सहादेव तागड यांच्या शिंगणापूरच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. गावात कुणाच्याच घराला नव्हतं. जेवणाच्या वेळी कुत्रं आत येऊ नये म्हणून एक फळकूट आडवं लावायचं, एवढाच बंदोबस्त. कुलूप त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते पुण्याला, इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात. पहिल्याच दिवशी किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी बाहेरून कुलूप दाबलं. मग शिपाई कुलूप फोडेपर्यंत ओसरीत उभे राहिले. शिपायाने विचारलं, "कुठल्या गावचे?" त्यांनी सांगितलं. शिपाई हातोडी खाली ठेवून हसला. म्हणाला, "मग बरोबर आहे."

तिथून ते विमानांत गेले. उडवायला नाही, दुरुस्तीला. दूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. तिथे हत्यारांचा एक फळा असे. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती त्यावर पांढऱ्या रंगाने काढलेली. संध्याकाळी हत्यार आपल्या आकृतीवर टांगलं नाही, की पांढरी जागा दुरून दिसायची. मोजणी झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. विमानाच्या पोटात राहिलेला एक पाना विमान पाडू शकतो, हे पहिल्या दिवशी सांगितलं जाई.

एकदा नऊ इंची स्क्रूड्रायव्हरची जागा पांढरी दिसली. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. वरिष्ठ म्हणाले, कुणीतरी घरी नेला असेल, करून टाका सही. सहादेव तेव्हा तिशीचेही नव्हते. ते म्हणाले, "बघितलं नाही त्यावर मी सही करत नाही." विमानाचं पोट दोन दिवस उघडं राहिलं. वरिष्ठ त्यांच्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी सुकाणूच्या तारेखाली, हाताच्या कोपरापर्यंत आत, स्क्रूड्रायव्हर सापडला. त्यानंतर कारखान्यात कुणी त्यांच्या सहीची घाई केली नाही.

अडुसष्ट साली ते नगरला आले. एका छोट्या संशोधन केंद्राचे प्रमुख म्हणून. केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, नऊ माणसं आणि एक काम. विमानाच्या पंख्याचं शास्त्र घेऊन अशी पवनचक्की करायची, जी हलक्या वाऱ्यावरही फिरेल आणि विहिरीतून पाणी काढेल. नगरच्या माळावर वारा असतो, पण बेताचा. बाहेरून आणलेल्या चक्क्या त्या वाऱ्यावर नुसत्या उभ्या राहत. सहादेवना पात्याचा पीळ बदलायचा होता. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. किती, ते शोधायला चार वर्षं लागली. बहात्तर साल आलं, पाऊस आला नाही, आणि त्या कामाकडे सगळे एकदम वळून बघायला लागले.

पीळ कागदावर उतरवला नूरमहंमदने. केंद्राचा तो एकुलता एक आरेखक. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने आठ महिने तो एकच नकाशा काढत होता. त्याच्या छापील प्रती पुण्याला होत, पण त्या मंजुरीनंतर. तोवर मूळ नकाशा एकच. म्हणून सहादेवनी नियम केला होता. मूळ नकाशा कपाटातल्या त्याच्या हुकावर टांगायचा. खाली उतरवला तर रजिस्टरमध्ये नोंद करायची: कुणी, केव्हा, कशासाठी, परत केव्हा. हुकामागे पांढऱ्या रंगाची आकृतीही त्यांनी स्वतः काढली होती. नूरमहंमद म्हणायचा, "साहेब, हे नकाशांचं कपाट आहे का विमान?"

आता त्या कापडाबद्दल सांगायला हवं.

ट्रेसिंगचं कापड दिसायला निळसर, कडक, तकाकणारं. पण आतून ते तलम सुती कापडच. वर खळ चढवलेली. गरम पाण्यात दोनदा भिजवून साबण लावला, की खळ जाते, शाई जाते आणि हातात लोण्यासारखं मऊ कापड उरतं. विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणार नाही असं. जुन्या आरेखकांच्या घरी हे सगळ्यांना माहीत असे. सहादेवना कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या आरेखकाने सांगितलं. तेव्हापासून रद्द झालेले नकाशे ते रीतसर मागून घेत आणि गावी आले की आईसाठी आणत.

आई म्हणजे मनकर्णाबाई. पासष्टीच्या. सून-नातवंडं नगरला, पण या गाव सोडायला तयार नव्हत्या. सहादेव निळा रोल चुलीशेजारच्या फळीवर ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. मनकर्णाबाई तो धुवायच्या आणि गावात जिच्या घरी पाळणा हलणार असेल तिला द्यायच्या. झबलं, टोपडं, कुंची. पंधरा वर्षं हे चाललं होतं. शिंगणापुरातली निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या नकाशात गुंडाळून मोठी झाली होती.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये दिल्लीची समिती नगरला येणार होती. सोमवारी. नकाशा बघून ती ठरवणार होती, चक्की उभी करायची की केंद्र बंद करायचं. शनिवारी अर्धा दिवस होता. बारा वाजता सहादेवना एक शंका आली. चक्की उभी राहायची होती ती शिंगणापूरच्या शिवारातल्या एका विहिरीवर. दुष्काळाने त्या विहिरीचं पाणी आणखी खाली गेलं असेल, तर पंपाच्या दांड्याची लांबी चुकत होती. विहीर मोजायला हवी होती आणि नकाशा शेजारी हवा होता. नूरमहंमद नमाजला गेला होता. रजिस्टर त्याच्या कुलूपबंद खणात. सहादेवनी हुकावरून रोल काढला, काखेत मारला आणि एस.टी. गाठली. सोमवारी सकाळी परत टांगायचाच होता.

एस.टी. शनीच्या दर्शनाला निघालेल्या माणसांनी भरली होती. सगळ्या रस्त्याने त्यांनी रोल उभा धरला. कुणाचा धक्का लागला की वर उचलायचे. एका बाईने विचारलं, "पोथी हाय का?" ते म्हणाले, "तसंच."

गावी पोचून त्यांनी विहीर मोजली. दांडा दीड फुटाने वाढवावा लागणार होता. घरी कंदिलाजवळ रोल उघडून त्यांनी पेन्सिलीने बारीक आकडा टाकला, रोल गुंडाळला आणि झोपायला गेले. दिवस सार्थकी लागला होता.

सकाळी ते माळावर गेले. तिथे खांबावर वारा मोजायचं यंत्र लावलेलं होतं, त्याचे आकडे उतरवून घ्यायचे होते. रोल नेला नाही. माळावरच्या वाऱ्यात कोण उघडणार? अकराच्या सुमाराला ते परत आले. घरात कुणी नव्हतं. आई पाण्याला गेली असावी. ते तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी फळीकडे पाहिलं.

फळी रिकामी होती.

त्यांनी फळीवरून हात फिरवला. मग खाली पाहिलं. पेटीमागे, गोधड्यांत, माळ्यावर. पुन्हा फळीवर. हात नुसता पिठाने पांढरा झाला.

समोरच्या ओट्यावर कानिफनाथ बसला होता. म्हातारा, दिवसभर तिथेच असे. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय हुडकतो रं, सहादू? इमानाचं चाक हारावलं का?"

"काही नाही, काका."

"मंग बस की. हितून काय जात न्हाई कुटं."

या गावात वस्तू गेली असं म्हणता येत नाही. म्हटलं, तर ते एका माणसाला लागत नाही, सगळ्या गावाला लागतं. आणि कुणी नेलं नसणार, हे सहादेवनाही माहीत होतं. ते चौकटीत उभे राहिले. पहिल्यांदा चौकटीला दार नसल्याचं त्यांना जाणवलं. त्याची लगेच लाजही वाटली.

अर्ध्या तासाने मनकर्णाबाई आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. दोन तास टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. सहादेवनी हंडा उतरवून घेतला.

"आई, फळीवरचं कापड कुठंय?"

"दिलं की."

"कुणाला?"

"गोजरीला. तिच्या छबूचं दिस भरल्यात. चार म्हयने झाले मागत हुती. म्हनलं, सहादू येऊ दे." मनकर्णाबाईंनी कळशी खाली ठेवली. "का रं? तोंड का असं केलंस?"

"ते रद्द नव्हतं. ते कामाचं होतं."

"मंग फळीवर का ठिवलंस?"

आईने चूक केलीच नव्हती. पंधरा वर्षं त्या फळीवर ठेवलेलं निळं कापड आईचं असे. रात्री रोल गुंडाळून झाल्यावर त्यांचा हात आपोआप तिकडे गेला होता. डोकं वाऱ्याच्या आकड्यांत होतं आणि हाताने जे नेहमी केलं ते केलं.

"गोजरमावशी घरी आहे?"

"राहात्याला गेली, सकाळच्या गाडीनं. छबू सासरीच हाय. हितं धुवायला पानी कुटंय? तिकडं पाटाचं पानी हाय. म्हनली, तिकडंच धुती आन् वाळवती."

धुती आन् वाळवती. सहादेव खाली बसले. मग उठले. आईने पुढे केलेली भाकरी त्यांनी घेतली नाही. कानिफनाथाच्या नातवाची सायकल भिंतीला टेकलेली होती. त्यांनी ती काढली. ओट्यावरून म्हातारा म्हणाला, "सायकल जातिया बरं का, पर म्हाईत हाय कुनी न्हेली."

सोनईपर्यंत सायकल, ती ओळखीच्या दुकानी ठेवून तिथून राहुरीची एस.टी., राहुरीला दुसरी. एकूण साडेतीन तास. एवढा वेळ त्यांना विचार करायला मिळाला आणि तो त्यांनी सगळा वापरला. नूरमहंमदचे आठ महिने. पात्याच्या प्रत्येक वितीला वेगळा पीळ, प्रत्येक पिळाचा आकडा. हिशेबाच्या वह्या होत्या, त्यावरून नकाशा पुन्हा काढता आला असता, पण उद्या सकाळपर्यंत नाही. समिती थांबणार नव्हती. केंद्रातली नऊ माणसं कुठे कुठे जातील ते त्यांनी एकेक नाव घेऊन पाहिलं. आणि समितीला काय सांगणार होते? नियम ज्याने केला त्यानेच मोडला. पुढे कशाकशावर त्यांची सही चालेल?

राहुरीच्या पुढे त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "राहात्याला पाटाला पाणी आहे का?"

"असंल की. तिकडचं नशीब चांगलं."

पाणी नसावं असं मनात आलं आणि त्यांनी ते आवरलं. चार वर्षं ते पाण्यासाठी काम करत होते.

बाभळेश्वर गेलं. राहाता जवळ आलं. रस्ता पाटाच्या कडेने वळला आणि सहादेव खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. पाट कोरडा होता. तळाला भेगा पडल्या होत्या आणि चार-पाच पोरं आत चेंडू खेळत होती. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. पोरं खेळतच होती. त्या उन्हाळ्यात कोरडा पाट बघून ज्याचा जीव भांड्यात पडला, असा नगर जिल्ह्यात बहुधा तो एकटाच माणूस असेल. वाईट वाटलं ते नंतर.

छबूचं घर पाटाच्या अलीकडेच होतं. उंबऱ्यावर तिची थोरली बसली होती, तीन वर्षांची. अंगात पांढरं तलम झबलं. झबल्याच्या पाठीवर शाईची पुसट गोल रेघ. सहादेव जागच्या जागी थबकले. सकाळी आलेल्या कापडाचं दुपारपर्यंत झबलं होत नाही, एवढं साधं गणित विमानांच्या इंजिनिअरला त्या घटकेला सुचलं नाही. मग त्यांनी रेघ नीट पाहिली. ते चाक होतं. त्यांच्या नकाशात चाक नव्हतं.

"सहादू? तू हितं?" गोजरबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "मनकर्णा बरी हाय ना?"

"बरी आहे. मावशी, कापड."

"कंचं?"

"निळं. सकाळचं."

"हाय की. तिकडं कनगीवर." तिने आत बोट दाखवलं. "पाट बेस्तरवारी सोडनार म्हनत्यात. हिरीवर धुणं पंचायतीनं बंद क्येलंय. आता काय करनार? ठिवलंय तसंच."

धान्याच्या कणगीवर, सुपाखाली, निळा रोल पडला होता. सहादेवनी तो उचलला. सोडून पाहिला. पात्याचं मूळ, मधला भाग, टोक. कालचा पेन्सिलीचा आकडा. एका कडेला तिखटाचा बोटभर डाग. बाकी सगळं होतं. त्यांना हसू आलं आणि ते थांबेना. आतल्या खाटेवरून छबूने विचारलं, "आई, कोन हसतंय गं?"

"आपला इमानवाला," गोजरबाई म्हणाली. मग तिने रोलवर हात ठेवला. "पर सहादू, न्हेतोस कुटं?"

"मावशी, हे रद्द झालेलं नाही. हे चुकून आलं. मी दुसरं आणून देतो. बाजारातून नवं, चांगलं."

"नवं कोन घालतं तान्ह्याला? टोचतं. आन् दिस भरल्याल्या बाईच्या घरनं दिल्यालं रिकाम्या हातानं मागं न्हेत न्हाईत. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांना माहीत होतं.

"मग काय देऊ?"

गोजरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या शर्टाकडे. "ह्यो कवाचा?"

"चार वर्षं झाली."

तिने बाही चिमटीत धरून पाहिली. "मऊ झालाय. चांगल्या मानसाच्या अंगचं कापड पयल्यांदा घालावं पोराला. काढ."

सहादेवनी शर्ट काढला. खिशातलं पेन आणि वाऱ्याच्या आकड्यांची वही काढून घेतली. बनियनवर उभे राहिले.

"इमानवाल्याचा सदरा," गोजरबाई छबूकडे वळून म्हणाली. "पोर हुशार निघंल."

"विसराळू निघेल, मावशी."

गोजरबाईने जावयाचा सदरा देऊ केला, पण जावई दुप्पट अंगाचा होता. साडेपाचच्या नगरच्या गाडीत संशोधन केंद्राचे प्रमुख बनियनवर बसले, मांडीवर निळा रोल आडवा. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता पाहिलं.

"साहेब, शर्ट?"

"दिला."

"कुणाला?"

"अजून जन्मायचाय."

कंडक्टरने पुढे विचारलं नाही. थोड्या वेळाने मात्र तो परत आला आणि कुठलंही कारण न सांगता त्यांना खिडकीजवळची जागा करून दिली. सहादेव कोल्हारपर्यंत जागे होते. मग झोपले. दोन्ही हात रोलवर.

नगरला दिवे लागले होते. ते आधी घरी गेले नाहीत. झेंडीगेटाजवळ नूरमहंमदचं घर होतं, तिकडे गेले. कडी वाजवली. दार नूरमहंमदनेच उघडलं. कानावर पेन्सिल. त्याने आधी बनियन पाहिलं, मग रोल.

"या," तो म्हणाला.

खोलीत जमिनीवर फळा मांडलेला होता. त्यावर कोरा कागद ताणलेला, आणि कागदावर पात्याचं मूळ. पेन्सिलीने, अर्धवट. शेजारी हिशेबाच्या तीन वह्या उघड्या. सहादेवनी रोल वह्यांशेजारी ठेवला.

"तुला केव्हा कळलं?"

"काल. तीनला कपाट बंद करायला गेलो. हुक रिकामा. रजिस्टर बघितलं, तेपण रिकामं."

"मग आरडाओरडा नाही केलास?"

"किल्ली दोघांकडंच. मी नेला नव्हता." नूरमहंमदने खांदे उडवले. "तुम्ही नेला तर येणार परत. नाहीच आला, तर उद्या काहीतरी दाखवायला पाहिजे ना. मूळ झालंय. टोक राहिलंय. पेन्सिलीतच दाखवलं असतं."

"कालपासून काढतोयस?"

"काल दुपारपासून. तुमच्या गावात चोराची भीती नाही, साहेब. मला शेळीची होती. खळ चढवलेलं कापड शेळी लई आवडीनं खाते."

सहादेवनी सगळं सांगितलं. फळी, टँकर, कणगी, सदरा. नूरमहंमद ऐकत होता. आतल्या पडद्यामागे त्याची बायको बद्रुन्निसा ऐकत होती. सदऱ्याची गोष्ट आली तेव्हा पडद्यामागून हसू आलं आणि पाठोपाठ नूरमहंमदचा एक धुतलेला कुडता बाहेर आला. चहाही आला. चहा पिऊन झाल्यावर नूरमहंमद हलक्या आवाजात म्हणाला,

"रजिस्टर माझ्या ताब्यात आहे. सकाळी लवकर या. शनिवारची तारीख टाकतो, तुम्ही सही करा. नेला, मोजमाप केलं, आणला. खोटं काय त्यात?"

खरंच, खोटं फारसं नव्हतं. विहीर मोजली होती. नकाशा आला होता. समितीला कळायचं काही कारण नव्हतं. नऊ माणसं होती, दुष्काळ होता, चक्की होती. सहादेवनी कप खाली ठेवला. नूरमहंमदने अर्धवट काढलेल्या पात्याकडे पुन्हा पाहिलं.

"शनिवारची सही मी शनिवारी केली नाही," ते म्हणाले.

"केंद्र बंद केलं तर?"

"तर तू मला शिव्या दे."

"देईन," नूरमहंमद म्हणाला. "उर्दूत देईन. मराठीत पुरणार नाहीत."

सोमवारी सकाळी रोल हुकावर होता. रजिस्टरमध्ये सोमवारच्या तारखेने नोंद होती. सहादेवच्या अक्षरात. *शनिवारी दुपारी मूळ नकाशा मी नोंद न करता नेला. रविवारी सकाळी अकराला तो जागेवर नव्हता, दुपारी चारला हाती आला. तिखटाचा एक डाग पडला आहे. बाकी ठीक. चूक माझी.* खाली सही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष मूळचे साताऱ्याचे, दिल्लीत केस पिकलेले. नकाशा मांडायच्या आधी सहादेवनी रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. अध्यक्षांनी नोंद वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"अकरा ते चार कुठे होता?"

सहादेवनी सांगितलं. थोडक्यात. कुणी हसलं नाही. नूरमहंमद भिंतीला टेकून उभा होता.

"हे तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलं असतं?"

"नाही."

"मग?"

"पाच तासांची जागा रिकामी होती, साहेब. पुढच्या माणसाने रजिस्टर बघितलं, तर त्याला ती दिसायला हवी."

अध्यक्षांनी रजिस्टर बाजूला सरकवलं. नकाशा उघडायला सांगितला. पुढचे तीन तास त्यांनी पीळ, दांडा, वाऱ्याचे आकडे यांशिवाय काही विचारलं नाही. तिखटाच्या डागापाशी आले, तेव्हा बोटाने तो खरवडून पाहिला. निघताना गाडीत बसता बसता ते थांबले.

"त्या शर्टाचं काय झालं?"

"तो परत येणार नाही."

"केंद्राच्या खर्चात टाकू नका," अध्यक्ष म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा नूरमहंमद हसला.

तीन आठवड्यांनी दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिल्यात ठपका होता. प्रमुखाने स्वतःचाच नियम मोडल्याबद्दल, लेखी, सेवापुस्तकात नोंद होईल असा. दुसऱ्यात शिंगणापूरच्या विहिरीवर चक्की उभी करायला मंजुरी होती. सहादेवनी आधी ठपका वाचला, मग मंजुरी, मग पुन्हा ठपका. नूरमहंमद म्हणाला, "कुठल्या पत्राला एवढं हसताय?" ते म्हणाले, "दोन्हीला." मनावरचा धोंडा मंजुरीने उतरला की ठपक्याने, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या साली पाऊस झाला. दिवाळीनंतर चक्की उभी राहिली. पहिले चार दिवस ती हलली नाही. कानिफनाथ रोज काठी टेकत माळावर जाऊन विचारायचा, "उडालं का?" पाचव्या दिवशी सकाळी, झाडाचं पानही धड हलत नव्हतं अशा वाऱ्यावर, पाती फिरायला लागली. सावकाश. नळीतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. सहादेव हौदाच्या कडेला बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

वर्षभर चक्की चालली. काय बदलायला हवं ते कळलं. नवा नकाशा झाला, जुना रद्द झाला. नूरमहंमदने रजिस्टरमध्ये तशी नोंद केली, सहादेवनी सही केली आणि कात्रीने कापडाचा एक कोपरा कापला. हा नवा नियम होता. कोपरा कापलेला नसेल, तर ते कापड कुणी कापड समजायचं नाही.

गावी येऊन त्यांनी रोल फळीवर ठेवला. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी फळीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"कापलाय?"

"कापलाय."

"दाव."

सहादेवनी रोल त्यांच्यापुढे धरला. मनकर्णाबाईंनी पिठाचा हात लुगड्याला पुसला, अंगठ्याने तुटलेला कोपरा चाचपून पाहिला, चारही कोपरे चाचपले. मग म्हणाल्या, "आता ह्येच्यावर सही कोन करनार? तू का मी?"

"तूच कर."

"मंग चल. गोजरी हौदावर थांबलीया."

माळावर चक्की फिरत होती. गोजरबाई घमेलं घेऊन बसली होती. तिच्या मांडीवर दीड वर्षाची नात होती, राहात्याहून आजोळी आलेली. अंगात चार वर्षं वापरलेल्या शर्टाचं झबलं, आता तोकडं झालेलं. तिने झबल्याची बाही तोंडात घातली होती. मनकर्णाबाईंनी चक्कीच्या पाण्यात साबण घातला आणि रोल सोडला. खळ सुटायला लागली. पाणी दुधासारखं पांढरं झालं, मग काळसर. पात्याचं टोक आधी गेलं. मग मधला भाग. मूळ बराच वेळ दिसत राहिलं.

"ही रेघ निघत न्हाई," गोजरबाई म्हणाली.

सहादेवनी वाकून पाहिलं. तो पेन्सिलीचा आकडा होता. दीड फूट.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर निघाला होता."